नकाशावर काढलेल्या गावाच्या नावावर क्लिक झाला, हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. केळी खरेदीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम सी-शार्प आणि विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवायचं साधन) लिहिलाय. पॅनेलवर खानदेशचा नकाशा आहे. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या २५ तालुक्यांची आणि काही बाजारगावांची नावं ड्रॉस्ट्रिंगने (मजकूर चित्रासारखा काढणारी पद्धत) काढली आहेत. नावावर क्लिक केलं की त्या गावची त्या दिवसाची खरेदीची यादी उघडायची. घरच्या कॉम्प्युटरवर हे चालतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केल (सगळं मोठं दाखवायचं सेटिंग) १२५ टक्के आहे, तिथे मात्र फैजपूरवर क्लिक केलं की सावद्याची यादी उघडते आणि मुक्ताईनगरच्या शेवटच्या अक्षरावर क्लिक लागतच नाही. प्रश्नासोबत दिलेल्या कोडमध्ये नावांचं माप नकाशाच्या बिटमॅपवर घेतलंय आणि नावं पॅनेलवर काढली आहेत.

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ड्रॉस्ट्रिंगने शब्द काढून झाला की विंडोजच्या लेखी तिथे शब्द उरत नाही, फक्त रंगलेले पिक्सेल उरतात. बटण किंवा लेबल हे स्वतंत्र कंट्रोल असतं आणि त्याला स्वतःचा क्लिक असतो. काढलेल्या शब्दाला तसं काही नसतं. क्लिक पॅनेलला मिळतो आणि त्याच्यासोबत फक्त एक बिंदू येतो. त्या बिंदूखाली कोणतं नाव होतं, हे प्रोग्रॅमनेच लक्षात ठेवावं लागतं. त्यासाठी नावाचं माप एकाच ठिकाणी घ्यायचं आणि एका यादीत ठेवायचं. चित्र काढणारा कोड आणि क्लिक तपासणारा कोड, दोघांनीही त्याच यादीतून वाचायचं. तुमच्या कोडमध्ये माप एका पृष्ठभागावर घेतलंय आणि रंगकाम दुसऱ्यावर चाललंय. दोन्ही बिघाड तिथूनच आलेत.

१२५ टक्क्यांवर नेमकं काय होतं

डीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल. १२ पॉइंटचा फॉन्ट ९६ डीपीआयवर १६ पिक्सेलचा होतो आणि १२० डीपीआयवर, म्हणजे १२५ टक्के स्केलवर, २० पिक्सेलचा. पॉइंटमध्ये दिलेला फॉन्ट ज्या ग्राफिक्सवर (काढायच्या पृष्ठभागावर) मोजाल किंवा काढाल, त्या ग्राफिक्सच्या डीपीआयप्रमाणे त्याचा आकार ठरतो. पॅनेलच्या ग्राफिक्सचा डीपीआय स्क्रीनचा असतो. फाइलमधून उघडलेल्या बिटमॅपच्या ग्राफिक्सचा डीपीआय मात्र त्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. तुमची नकाशाची फाइल ९६ ची असणार. म्हणून घरच्या ९६ च्या स्क्रीनवर दोन्ही आकडे जुळले आणि चूक झाकली गेली. ऑफिसमध्ये मोजलं १६ पिक्सेलच्या हिशेबाने आणि काढलं २० च्या. मोजलेला चौकोन काढलेल्या नावाच्या ८० टक्केच भरला. मुक्ताईनगर या नावात डोळ्याला सहा अक्षरं दिसतात: मु, क्ता, ई, न, ग, र. त्यातला शेवटचा पाचवा हिस्सा चौकोनाबाहेर पडला. 'र' तिथेच आहे.

फैजपूर-सावद्याचं कारणही हेच. यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही गावं एकाच रस्त्यावर पाठोपाठ येतात आणि नकाशावर त्यांची नावं दाटीने बसतात. समजा ९६ डीपीआयवर फैजपूर हे नाव ४६ पिक्सेल रुंद आहे आणि ते संपल्यावर दोन पिक्सेलांनी सावदा सुरू होतं. १२० डीपीआयवर तेच नाव जवळपास ५८ पिक्सेलचं होतं आणि 'पूर' ची शेपटी सावद्याच्या चौकोनात शिरते. फैजपूरचा मोजलेला चौकोन अजून ४६ चाच आहे. त्यामुळे वापरणारा 'पूर' वर क्लिक करतो आणि प्रोग्रॅमला तिथे सावदा सापडतं. फैजपूर यावल तालुक्यात आणि सावदा रावेर तालुक्यात, तेव्हा चुकीची नोंद थेट दुसऱ्या तालुक्याच्या हिशेबात जाऊन बसते.

याच्याच शेजारी आणखी एक खड्डा आहे. चित्र काढणाऱ्या ड्रॉइमेजला फक्त एक्स आणि वाय दिलं तर चित्र पिक्सेलप्रमाणे उमटत नाही, फाइलमधल्या डीपीआयप्रमाणे इंचांच्या मापाने उमटतं. ३०० डीपीआयवर स्कॅन केलेला ३००० पिक्सेल रुंद नकाशा म्हणजे १० इंच. तो ९६ च्या स्क्रीनवर ९६० पिक्सेल रुंद दिसतो आणि १२० च्या स्क्रीनवर १२००. नावांच्या जागा मात्र कोडमध्ये पिक्सेलमध्ये बांधलेल्या असतात, त्या हलत नाहीत आणि नावं ठिपक्यांपासून सरकतात. म्हणून ड्रॉइमेजला नेहमी पूर्ण चौकोन द्या: डावी कड, वरची कड, रुंदी, उंची. गावाची जागा ० ते १ मधल्या अपूर्णांकात साठवा. ०.६४ म्हणजे नकाशाच्या रुंदीच्या ६४ टक्क्यांवर. पिक्सेलमधली जागा मांडणीच्या वेळी काढा, म्हणजे खिडकी लहान-मोठी केली तरी नाव ठिपक्यापाशीच राहतं.

प्रोग्रॅमने डीपीआयची जाण जाहीरच केलेली नसेल तर वेगळं चित्र दिसतं. विंडोज त्याला सगळं ९६ चं असल्याचं भासवतं, पूर्ण खिडकी ताणून दाखवतं आणि माऊसचे आकडेही बदलून देतं. अक्षरं धूसर दिसतात, पण क्लिक जुळतो. 'जुन्या प्रोग्रॅमला कधी अडचण आली नाही' असं ऐकू येतं त्यामागे बहुधा हेच असतं. डॉटनेट ६ पासूनच्या साच्यातला प्रोग्रॅम आपोआप सिस्टिम-अवेअर (मुख्य स्क्रीनचा डीपीआय जाणणारा) असतो, तिथे ही सवलत नाही. वेगवेगळ्या स्केलचे दोन मॉनिटर जोडलेले असतील आणि प्रत्येक मॉनिटरची वेगळी जाण ठेवायची असेल, तर डीपीआय बदलल्याची घटना पकडून मांडणी नव्याने करा. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये ही सोय ४.७ पासून आहे.

यादी कशी ठेवायची

एका नावाची एक नोंद. तिच्यात गावाचा कोड, दाखवायचा मजकूर, फॉन्ट, नाव जिथून सुरू होतं तो बिंदू, क्लिकचा चौकोन आणि तिरकं असेल तर कोन. ओळख कोडवरून ठेवा, मजकुरावरून ठेवू नका. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद असतं आणि अक्राणीला लोक धडगाव म्हणतात. नकाशावर कोणतं नाव दिसावं हे उद्या बदललं तरी यादी तीच उघडली पाहिजे.

कोडची रचना साधारण अशी राहील:

मांडणी करा:
यादी रिकामी करा
पॅनेलचं ग्राफिक्स घ्या
प्रत्येक गावासाठी: जागा = अपूर्णांक गुणिले नकाशाचा चौकोन; आकार = त्याच फॉन्टने, त्याच फ्लॅग्जने मोजलेला मजकूर; चौकोन = जागा आणि आकार; नोंद यादीत टाका
ग्राफिक्स मोकळं करा
पॅनेल पुन्हा रंगवायला सांगा

रंगवा:
नकाशा काढा, यादीतली प्रत्येक नोंद तिच्या चौकोनात काढा

बिंदूखाली काय आहे:
यादी शेवटापासून सुरुवातीकडे पाहा. ज्या चौकोनात बिंदू आहे ती पहिली नोंद द्या. नसेल तर काहीच देऊ नका

मांडणी कधी करायची? फॉन्ट, खिडकीचा आकार, डीपीआय किंवा गावांची यादी बदलली की. ऑनपेंटमध्ये, म्हणजे पॅनेल रंगवणाऱ्या कोडमध्ये, नको. तिथेच यादी भरायची सवय बऱ्याच जणांना असते आणि सुरुवातीला ती चालतेही. पण विंडोज दर वेळी पूर्ण पॅनेल रंगवायला सांगत नाही. वरून एखादी छोटी खिडकी सरकली की तेवढीच पट्टी रंगवायला मिळते. वेग वाढवायचा म्हणून त्या पट्टीबाहेरची नावं वगळलीत, तर यादीत फक्त पट्टीतली चार नावं उरतात आणि बाकीचा नकाशा क्लिकला मुका होतो. हा बिघाड पकडायला फार कठीण, कारण खिडकी मिटवून उघडली की सगळं पुन्हा ठीक दिसतं.

क्रिएटग्राफिक्सने घेतलेलं ग्राफिक्स काम झालं की डिस्पोज करा, युझिंगच्या कंसात घेतलंत तर विसरायलाच नको. फॉन्टचंही तसंच. प्रत्येक नावासाठी नवा फॉन्ट बनवून सोडून दिला तर जीडीआय हँडल (विंडोजने चित्रकामासाठी दिलेले मोजके क्रमांक) साठत जातात. एका प्रोसेसला मुळात १०,००० मिळतात. दिवसभर उघडा राहणारा प्रोग्रॅम संध्याकाळी लाल फुल्या दाखवायला लागला, तर आधी हेच तपासा.

पन्नास-साठ नावांसाठी सरळ एकामागून एक तपासणी पुरते. चौकोनात बिंदू आहे का हे पाहायला चार तुलना लागतात. वृक्षरचना वगैरेच्या नादी लागू नका, हजारो लेबलं झाली की त्याचा विचार करा.

मोजायचं कशाने

विनफॉर्म्समध्ये मजकूर काढायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. ग्राफिक्सचं ड्रॉस्ट्रिंग जीडीआय प्लसचं आहे आणि त्याची जोडी मेजरस्ट्रिंग. टेक्स्टरेंडररचं ड्रॉटेक्स्ट जुन्या जीडीआयचं आहे आणि त्याची जोडी मेजरटेक्स्ट. एकाने मोजून दुसऱ्याने काढलं की काही पिक्सेलांचा फरक हमखास पडतो.

मेजरस्ट्रिंग मजकुराच्या दोन्ही टोकांना साधारण एक षष्ठांश एम (एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढं अंतर) इतकी मोकळी जागा धरतं. १६ पिक्सेलच्या फॉन्टला ती प्रत्येक बाजूला पावणेतीन पिक्सेलच्या आसपास भरते. ड्रॉस्ट्रिंगही तेवढं आत सरकून लिहितं, म्हणून दोघांना एकच स्ट्रिंगफॉर्मॅट दिलं तर जमतं. नेमकं माप हवं असेल तर स्ट्रिंगफॉर्मॅट.जेनेरिकटायपोग्राफिकची नवी प्रत करून तीच मोजताना आणि काढताना द्या आणि टेक्स्टरेंडरिंगहिंट दोन्हीकडे अँटीअलायस ठेवा. शेवटच्या रिकाम्या जागा मोजायच्या असतील तर मेजरट्रेलिंगस्पेसेस हा फ्लॅग लागतो.

सरळ रेषेतल्या देवनागरी नावांसाठी मी टेक्स्टरेंडरर निवडेन. त्यामागे विंडोजची स्वतःची अक्षरजुळणी असते, त्यामुळे जोडाक्षरं बाकीच्या विंडोजसारखीच दिसतात. मोजताना आणि काढताना तेच ग्राफिक्स, तोच फॉन्ट आणि तेच तीन फ्लॅग द्या: नोपॅडिंग, नोप्रीफिक्स, सिंगललाइन. नोप्रीफिक्स विसरलात तर नावात 'अँड' चं चिन्ह आल्यावर ते गायब होतं आणि पुढच्या अक्षराखाली रेघ येऊ शकते. गावांच्या नावात ते येणार नाही, पण याच पद्धतीने व्यापाऱ्यांची नावं काढाल तेव्हा येईल.

फॉन्टचं नाव स्पष्ट लिहा: विंडोज ८ पासून निर्मला यूआय, त्याआधीच्या विंडोजवर मंगल. देवनागरी मजकुराला एरियल दिलंत तर विंडोज अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून आणतं, पण फॉन्टची उंची विचारली की उत्तर एरियलचं मिळतं. मग वरची वेलांटी आणि खालचा उकार चौकोनाबाहेर जातात. मंगलची ओळ चांगलीच उंच असते. त्यामुळे एकाखाली एक असलेल्या दोन नावांचे चौकोन एकमेकांत घुसतात, शाई शिवत नसली तरी. अशा वेळी चौकोन वरून आणि खालून थोडा आवळा. बेसलाइन (अक्षरं जिच्यावर टेकतात ती रेषा) कुठे आहे ते काढायचं सूत्र: फॉन्टचा पिक्सेल आकार गुणिले गेटसेलअसेंट भागिले गेटएमहाइट. तिथून वर शिरोरेषा आणि तिच्यावरच्या मात्रेपुरतं, खाली उकारापुरतं अंतर धरा.

डेटाबेसमधली नावं युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली असतील, तर आधी ती युनिकोडमध्ये आणा. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अक्षरं आणि माप दोन्ही निरर्थक होतात.

एकेक अक्षर मोजू नका

संपूर्ण नावावरचा क्लिक हवा असेल तर संपूर्ण नाव एकदम मोजा. इंग्रजीसाठी लिहिलेले नमुने पाहून अक्षरागणिक रुंदी मोजून बेरीज करायचा मोह होतो. देवनागरीत ते चालत नाही. मुक्ताईनगर साठवताना दहा चिन्हं असतात: म, उकार, क, पायमोड, त, काना, ई, न, ग, र. सुटा उकार मोजायला दिला तर त्याच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि त्याची रुंदी धरली जाते. सुटा 'क' आणि 'त' मिळून जेवढी जागा घेतात तेवढी 'क्त' घेत नाही. बेरीज खऱ्या रुंदीशी कधीच जुळणार नाही.

शिरपूर घ्या. साठवताना 'श' आधी आणि पहिली वेलांटी नंतर. पडद्यावर वेलांटी डावीकडे आणि 'श' तिच्या उजवीकडे. डाव्या कडेवर क्लिक केला तर डोळ्याला पहिली वेलांटी दिसते, पण साठवणीत ती दुसरी आहे. म्हणून देवनागरीत क्लिक 'कोणत्या चिन्हावर' असा प्रश्न न विचारता 'कोणत्या अक्षरगटावर' असा विचारावा.

वाक्यातल्या काही शब्दांनाच क्लिक हवा असेल, जसं 'आज रावेर येथून गाडी निघाली' यातल्या फक्त 'रावेर' ला, तर मेजरकॅरेक्टररेंजेस वापरा. शब्दाची सुरुवात आणि लांबी द्यायची, त्याचा रीजन (शब्दाने व्यापलेला भाग) मिळतो. एका वेळी जास्तीत जास्त ३२ तुकडे देता येतात, त्याहून जास्त दिले तर एरर येतो. तुकडा नेहमी अक्षरगटाच्या सीमेवर सुरू करा आणि सीमेवरच संपवा. सीमा शोधायला स्ट्रिंगइन्फो आहे, पण जुन्या नियमाप्रमाणे ते 'क्ता' चे 'क्' आणि 'ता' असे दोन गट करतं. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. तोवरच्या आवृत्तीवर असाल तर मागचा गट पायमोडीवर संपला की पुढचा त्याला जोडून घ्या.

शब्द ओळ मोडून खाली गेला तर रीजनमध्ये दोन चौकोन असतात. तिथे गेटबाउंड्स घेऊ नका. ते दोन्हींना कवेत घेणारा मोठा चौकोन देतं आणि मधल्या भलत्याच शब्दांवरचे क्लिक त्यात येतात. रीजनच्या इझव्हिजिबलला बिंदू द्या.

माऊसच्या घटना

साध्या क्लिक घटनेवर अवलंबून राहू नका. तिच्या सहीमध्ये जागा नसते. मग लोक कंट्रोल.माऊसपोझिशन वाचतात आणि ती त्या क्षणीची जागा असते, क्लिक झाला तेव्हाची नसते. कॉम्प्युटर अडखळला असेल तर तेवढ्यात माऊस पुढच्या गावावर गेलेला असतो.

माऊसडाउनमध्ये डावं बटण आहे का ते पाहा, बिंदूखालची नोंद शोधा आणि लक्षात ठेवा. माऊसअपमध्ये पुन्हा शोधा. दोन्ही वेळी तीच नोंद असेल तरच तो क्लिक. यामुळे चुकून दाबलेलं बटण बाहेर नेऊन सोडलं की काही उघडत नाही आणि विंडोजमधली सगळी बटणं असंच वागतात. नकाशा ओढून सरकवता येत असेल तर दाबल्याच्या जागेपासून माऊस सिस्टिमइन्फर्मेशन.ड्रॅगसाइझच्या बाहेर गेला की तो ओढणं समजा. हे माप सहसा ४ पिक्सेल असतं.

एक क्लिक आणि डबलक्लिक यांना वेगवेगळी कामं देऊ नका. डबलक्लिकच्या आधी एक साधा क्लिक येतोच. पहिल्या क्लिकला संवादखिडकी उघडली तर दुसरा क्लिक त्या खिडकीला जातो.

पॅनेलला स्क्रोल असेल तर ऑटोस्क्रोलपोझिशन वजामध्ये असतं हे ध्यानात ठेवा. नकाशा ३०० पिक्सेल वर सरकवला असेल तर त्याचं वाय उणे ३०० आहे. क्लिकचं वाय १२० आलं, तर नकाशातलं वाय १२० वजा उणे ३००, म्हणजे ४२०. चिन्ह उलटं घेतलं तर न सरकवलेल्या नकाशावर सगळं बरोबर चालतं आणि सरकवल्यावर दुप्पट अंतराने चुकतं. इथे टेक्स्टरेंडररची एक खोडही येते: ग्राफिक्सला ट्रान्सलेटट्रान्सफॉर्म दिलं तरी ते मानत नाही. नकाशा सरकतो आणि नावं जागच्या जागी राहतात. प्रीझर्व्हग्राफिक्सट्रान्सलेटट्रान्सफॉर्म हा फ्लॅग द्या, किंवा चौकोनच सरकवून काढा.

सी प्लस प्लसमध्ये थेट विंडोजचे संदेश हाताळत असाल तर एलपॅरममधून एक्स काढायला लोवर्ड वापरू नका. तो आकडा बिनचिन्हाचा असतो. माऊस पकडून ठेवलेला असताना तो खिडकीच्या डाव्या कडेबाहेर १० पिक्सेल गेला, तर उणे १० च्या जागी ६५५२६ येतात. गेट-एक्स-एलपॅरम वापरा.

नद्यांची तिरकी नावं

तापी नकाशावर जवळपास आडवी जाते, पण गिरणा आणि पांझरा यांची नावं प्रवाहाच्या दिशेने तिरकी काढली तरच शोभतात. टेक्स्टरेंडरर फिरवलेला मजकूर काढत नाही, म्हणून ही नावं ड्रॉस्ट्रिंगने काढा आणि मेजरस्ट्रिंगने मोजा.

तिरक्या नावाला सरळ चौकोन घालू नका. १०० बाय २० पिक्सेलचं नाव ४५ अंशांत फिरवलं तर त्याला कवेत घेणारा सरळ चौकोन सुमारे ८५ बाय ८५ चा होतो. २००० चौरस पिक्सेलच्या नावासाठी ७२०० अडवले जातात आणि गिरणेच्या काठची दोन-तीन गावं त्याखाली गाडली जातात. उलट दिशेने जा: चौकोन सरळच राहू द्या, बिंदू फिरवा. काढताना जसं ट्रान्सलेट आणि मग रोटेट केलं, तसंच एका नव्या मॅट्रिक्सवर त्याच क्रमाने करा, इन्व्हर्ट करा, ट्रान्सफॉर्मपॉइंट्सला क्लिकचा बिंदू द्या. मिळालेला बिंदू शून्यापासून सुरू होणाऱ्या रुंदी-उंचीच्या चौकोनात आहे का ते पाहा. क्रम उलटा झाला तर नाव भलत्याच कोपऱ्यात सापडतं.

ग्राफिक्सपाथमध्ये अक्षरांची बाह्यरेषा भरून इझव्हिजिबल विचारण्याची युक्तीही सुचवली जाते. मजकुरासाठी ती वापरू नये. 'ठ' च्या पोटात किंवा दोन अक्षरांमधल्या फटीत क्लिक पडला तर उत्तर 'नाही' येतं. वापरणारा नावावर क्लिक करतो, शाईवर नेम धरत नाही.

दाटीत कोणाला कौल द्यायचा

क्लिकचा चौकोन चारही बाजूंनी ३ पिक्सेल फुगवला तर हात थोडा हलला तरी काम होतं. पण यावल ते रावेर पट्ट्यात फुगवलेले चौकोन एकमेकांवर येतील. त्यासाठी दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत नेमके चौकोन तपासा, शेवटी काढलेलं नाव आधी, कारण तेच वर दिसतं. काही सापडलं नाही तरच दुसऱ्या फेरीत फुगवलेले तपासा आणि एकाहून जास्त सापडले तर ज्याचा मध्य बिंदूला जवळ आहे तो घ्या. मुळात नेमके चौकोनच एकमेकांवर येत असतील तर मांडणीतच एक नाव ठिपक्याच्या वर आणि शेजारचं खाली बसवा. वाचणाऱ्याची गैरसोय क्लिकच्या कोडने झाकू नये.

नाव क्लिक करण्याजोगं आहे हे दिसलंही पाहिजे. माऊसमूव्हमध्ये तीच शोधणारी पद्धत वापरा. आधीची नोंद आणि आताची नोंद वेगळी असेल तेव्हाच कर्सर हाताचा करा आणि त्या दोनच चौकोनांना इनव्हॅलिडेट करा, म्हणजे पुन्हा रंगवायला सांगा. प्रत्येक हालचालीला पूर्ण पॅनेल रंगवलं तर नकाशा लुकलुकतो. डबलबफर्ड चालू ठेवा. माऊसलीव्हमध्ये आठवणीतली नोंद पुसा, नाहीतर माऊस निघून गेला तरी नाव उजळलेलं राहतं. उजळलेलं नाव ठळक करू नका. ठळक फॉन्टची रुंदी वेगळी असते, चौकोन जुना राहतो. रंग बदला किंवा खाली रेघ द्या.

काढलेला मजकूर पडदावाचकाला दिसत नाही. ज्यांना कमी दिसतं किंवा ज्यांचा हात माऊसवर स्थिर राहत नाही, त्यांच्यासाठी बाणांच्या कळांनी नावावरून नावावर जाणं आणि एंटरने उघडणं एवढं तरी द्याच. यादी तयारच आहे, तिच्यातल्या निवडलेल्या नोंदीभोवती फोकसची चौकट काढायची. पडदावाचकासाठी पॅनेलचा ॲक्सेसिबलऑब्जेक्ट स्वतः लिहावा लागतो, तोही याच यादीतून नाव आणि चौकोन देतो.

दुसऱ्या साधनांत

जावा आणि क्यूटी यांत मजकूर काढताना दिलेलं वाय बेसलाइनचं असतं, ड्रॉस्ट्रिंगसारखं वरच्या कडेचं नसतं. तिथला चौकोन बेसलाइनपासून असेंटइतका (बेसलाइनच्या वरच्या उंचीइतका) वर सुरू करा, नाहीतर क्लिक नावाच्या खाली लागतो. जावात टेक्स्टलेआउटचं हिटटेस्टकॅर आहे. क्यूटीत ५.११ पासून रुंदीसाठी हॉरिझाँटलॲडव्हान्स वापरा. पँगो या मजकूर मांडणाऱ्या साधनात एका पिक्सेलचे १०२४ भाग धरतात आणि मिळणारी जागा यूटीएफ-८ च्या बाइटमध्ये असते. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे मुक्ताईनगर ३० बाइट. डब्ल्यूपीएफमध्ये पॅनेलची बॅकग्राउंड दिलेलीच नसेल तर रिकाम्या जागेवरचा क्लिक येत नाही, ट्रान्सपरंट दिली की येतो. डायरेक्टराइटमध्ये टेक्स्टलेआउटचं हिटटेस्टपॉइंट अक्षरगट सांभाळून उत्तर देतं. नवा प्रोग्रॅम लिहायचा असेल आणि मजकुराच्या आतला क्लिक महत्त्वाचा असेल तर तेच निवडा. टीके (Tk) या साधनाच्या कॅनव्हासवर मजकुराला थेट क्लिक बांधता येतो, तिथे यातलं काहीच लागत नाही.

आणि नावं थोडी, सरळ, सुटीसुटी असतील तर काढायच्या भानगडीत न पडता लेबल किंवा लिंकलेबल ठेवा. तुमच्या नकाशाला मात्र तिरकी नावं आणि दाटी आहे, तिथे काढणंच योग्य.

तपासणी

डीबगसाठी एक कळ ठेवा, एफ९ घ्या. ती दाबली की यादीतले सगळे चौकोन लाल रेषेत दिसावेत आणि शेवटच्या क्लिकचा बिंदू निळा. चौकोन नावावर बसलाय का आणि बिंदू चौकोनात आहे का, हे दोन प्रश्न वेगळे झाले की मापाची चूक आहे की माऊसच्या आकड्यांची, हे लगेच कळतं. स्केल १००, १२५ आणि १५० टक्के ठेवून, दर वेळी लॉगआउट करून परत येऊन, तीन नावं तपासा. मुक्ताईनगरच्या शेवटच्या 'र' वर, शिरपूरच्या पहिल्या वेलांटीवर आणि फैजपूरच्या 'पूर' वर क्लिक करा. मग खिडकी अर्धी करून, स्क्रोल तळाशी नेऊन हेच पुन्हा करा.

तुमच्या कोडमध्ये आजच्या आज बदलायच्या जागा तीन. माप नकाशाच्या बिटमॅपवर घेताय ते पॅनेलच्या ग्राफिक्सवर घ्या, ड्रॉइमेजला पूर्ण चौकोन द्या आणि माऊसक्लिकमधलं मोजणं काढून टाकून तिथे यादी वाचा. मुक्ताईनगरचा 'र' पहिल्या बदलानेच लागायला लागेल. फैजपूर-सावद्याची नावं १२५ टक्क्यांवर तरीही एकमेकांवर चढलेली राहतील. त्यातलं सावदा ठिपक्याच्या खाली घ्या.